तुरुंगातल्या आणि एकट्या पडलेल्या माणसाकडे जाताना

मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू भुकेल्यासाठी अन्न मागतो, उघड्यासाठी वस्त्र मागतो. तुरुंगातल्या माणसासाठी मात्र तो सुटका मागत नाही आणि उपदेशही मागत नाही. ‘तुम्ही माझ्याकडे आलात’ एवढंच म्हणतो. म्हणून या सेवेची सगळी आखणी ‘येणं’ या एका क्रियापदाभोवती करायची: कधी यायचं, काय घेऊन यायचं, आणि कबूल केलेल्या दिवशी येता आलं नाही तर काय करायचं.

कैद्याचा दिवस दुसऱ्याच्या हातात असतो. उठायची वेळ, जेवायची वेळ, दिवा मालवायची वेळ, सगळं कुणीतरी ठरवलेलं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे उरतं ते वाट पाहणं. त्यामुळे तुमची एक भेट चुकली की त्याचे त्याआधीचे तीन आठवडेही वाया जातात, कारण ते त्याने त्या भेटीकडे डोळे लावून काढलेले असतात. उत्पत्तीच्या पुस्तकात तुरुंगातल्या योसेफाने सुटणाऱ्या प्यालेबरदारांच्या नायकाला ‘माझी आठवण ठेव’ असं विनवलं होतं. तो विसरला, आणि पुढच्याच अध्यायाची सुरुवात ‘दोन वर्षांनंतर’ अशी होते. विसरण्याची किंमत अशी मोजली जाते.

तेव्हा पहिला नियम: कमी कबूल करा. एक माणूस, महिन्याला एक मुलाकात, दोन पत्रं, आणि मुदत एक वर्ष. सुरुवातीच्या भरात ‘दर आठवड्याला येईन’ असं कधीही म्हणू नका. जास्त जमलं तर आनंदच आहे, पण शब्द एवढाच द्यायचा.

निघण्यापूर्वी

एकट्याने, आपल्या मनाने सुरुवात करू नका. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांत, ठराव करून पाळकांचं किंवा धर्मगुरूंचं पत्र घ्या आणि तुरुंगात आधीपासून सेवा करणारे धर्मसेवक असतील तर त्यांच्यामार्फतच अर्ज करा. ओळखपत्राची पडताळणी आणि जुन्या नोंदींची तपासणी यात काही आठवडे सहज जातात. तोवर कुणालाही भेटीचं आश्वासन देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या कैद्यांविषयीच्या किमान नियमांत, ज्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात, घरच्यांशी व मित्रांशी ठरावीक अंतराने संपर्क आणि धर्मप्रतिनिधीची भेट या दोन्ही गोष्टी आहेत. पण दारावरचा शिपाई त्या तुरुंगाचे नियम पाळतो. म्हणून ते नियम लेखी मागून घ्या: मुलाकातीचे दिवस, एका वेळी किती जण, आत काय नेता येतं, पत्रात काय चालतं, पैसे कोणत्या मार्गाने जमा होतात.

जोडीने जा. पुरुष कैद्याकडे पुरुषांनी आणि स्त्री कैद्याकडे स्त्रियांनी जाणं बरं. एकटेपणात आपुलकी फार लवकर प्रेमाचं रूप घेते, आणि तसं झालं की दोघांचंही नुकसान होतं. पत्ता आणि फोन नंबर मंडळीचा द्यायचा, घरचा नाही. भेटणारे आणि पत्र लिहिणारे यांच्याशिवाय तिसरं एक माणूस नेमा, ज्याच्याकडे फक्त वही असेल. कुणाला पत्र कधी गेलं, कोणाची सुनावणी कधी आहे, कोण काय कबूल करून आलं, हे सगळं त्या वहीत. बहुतेक मंडळ्या सगळी माणसं भेटीला लावतात आणि वही कुणाकडेच नसते. चौथ्या महिन्यात काम विस्कटतं ते इथेच.

पत्र

भेटीची परवानगी मिळायला वेळ लागतो, पत्राला तितका लागत नाही. आमच्या मते पत्राचं मोल भेटीपेक्षा कमी नाहीच. भेट अर्ध्या तासात संपते, पत्र रात्री पुन्हा उघडता येतं.

कागद पांढरा आणि साधा घ्या. शाई निळी किंवा काळी. दोन पानांपेक्षा जास्त नको. पिन, स्टेपल, चिकटपट्टी, स्टिकर, चमकी, अत्तर, जाड कार्ड, रंगीत खडूची चित्रं यांपैकी काहीही नको. हे नियम छळण्यासाठी नसतात. अमली द्रव्य कागदात मुरवून किंवा चिकटवलेल्या थरात लपवून आत येतं, म्हणून अनेक तुरुंग मूळ कागद देतच नाहीत, त्याची प्रत देतात. त्यामुळे पेन्सिलने किंवा फिक्या शाईने लिहिलेलं पत्र वाचता न येण्यासारखं होऊन हातात पडतं. झटपट छापणाऱ्या कॅमेऱ्याचे जाड फोटोही याच कारणाने परत येतात, साधे छापलेले फोटो चालतात. पुस्तक पाठवायचं तर कागदी बांधणीचं. बऱ्याच ठिकाणी ते नवं, आणि दुकानातून किंवा प्रकाशकाकडून थेट आलेलं लागतं.

लिफाफ्यावर पूर्ण नाव, कैदी क्रमांक आणि मंडळीचा पत्ता. पत्राच्या माथ्यावर पत्राचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक घालायला विसरू नका, कारण पत्रं हरवतात. ‘तुमचं ३ नंबरचं मिळालं, ४ नंबरचं नाही’ असं तो लिहू शकला, तर ‘यांनी मला टाकलं’ हा संशय मनात घर करत नाही.

आता मजकूर. साधारण असा:

*पत्र क्र. ४*
*प्रिय बंधू,*
*तुमचं १२ तारखेचं पत्र मिळालं. जिना चढताना डावा गुडघा जास्त दुखतो असं लिहिलंत. डॉक्टरांच्या यादीत नाव दिलंत का?*
*इथे चार दिवस पाऊस लागून आहे. प्रार्थनागृहाच्या दारासमोरच्या झाडावर पाखरांनी घरटं केलंय. रविवारी आम्ही गीत सुरू केलं आणि पिल्लांनी आमच्यावर आवाज चढवला.*
*या आठवड्यात ८८वं स्तोत्र दोनदा वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटीही उजाडत नाही. पवित्र शास्त्राने असं स्तोत्रही ठेवलंय याचा मला आधार वाटतो. तुम्हाला काय वाटलं ते जरूर लिहा.*
*पुढचं पत्र १५ तारखेला टाकीन.*

यात चार गोष्टी आहेत. त्याचं पत्र खरंच वाचलं याची खूण (गुडघा). बाहेरच्या जगातलं एखादं डोळ्यांनी पाहता येईल असं दृश्य. वचन एकच, आणि तेही उत्तर मागणारं. शेवटी तारीख. वचनांची माळ लावलेली पत्रं चांगल्या मनाने लिहिली जातात, पण त्यांना उत्तर काय द्यायचं हेच कैद्याला कळत नाही आणि पत्रव्यवहार आटतो.

खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला खटल्याविषयी एक ओळही लिहू नका आणि विचारूही नका. पत्रं वाचली जातात आणि न्यायालयात पुरावा म्हणून समोर येऊ शकतात. ‘यात देवाचा काहीतरी हेतू असेल’ हे वाक्यही टाळा. ते तो स्वतः म्हणाला तर साक्ष ठरतं, तुम्ही म्हटलंत तर निकाल. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: ज्याला वाचता येत नाही त्याचं पत्र बराकीतला दुसरा कैदी मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून अक्षर मोठं आणि वाक्यं छोटी ठेवा, आणि दहा जणांसमोर वाचलं गेलं तर त्याची मान खाली जाईल असं काही लिहू नका. त्याच्या मुलीचं आजारपण, बायकोची तक्रार, त्याचा गुन्हा यांना पत्रात जागा नको.

मुलाकातीचा दिवस

आदल्या दिवशी तुरुंगात फोन करून तो तिथेच आहे का, मुलाकाती चालू आहेत का, हे विचारा. कैद्यांची बदली न सांगता होते. कधी काही घटना घडते आणि सगळ्या बराकी बंद ठेवल्या जातात. कधी शिक्षा म्हणून एखाद्याची मुलाकात काढून घेतलेली असते. परत फिरावं लागलं तर त्याच संध्याकाळी पत्र टाका: ‘मी आलो होतो, आत सोडलं नाही, अमुक तारखेला पुन्हा येतो.’ हे पत्र गेलं नाही तर तुम्ही आलाच नाहीत असं तो धरून चालतो.

मूळ ओळखपत्र न्या. त्यावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. पाऊण तास आधी पोहोचा. जाड बक्कलचा पट्टा, धातूची तार असलेली अंतर्वस्त्रं, टोपीचा सदरा, कैद्यांच्या किंवा शिपायांच्या गणवेशाच्या रंगाचे कपडे, हे सगळं घरी राहू द्या. फोन आत नेऊ नका. खिशात ओळखपत्र आणि एक किल्ली, बस. बायबल नेण्याची परवानगी असेल तर आदल्या रात्री ते पुठ्ठ्यांनी धरून उलटं करा आणि चांगलं झटका. जुन्या चिठ्ठ्या, फोटो, वाळलेली पानं, नोटा काय काय निघतं! दारावर यातली एक चिठ्ठी जरी सापडली तरी ती लपवून नेली असं मानलं जातं, आणि मग तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मंडळीच्या माणसांचीही झडती कडक होते.

शिपायांशी अदबीने वागा, त्यांची नावं लक्षात ठेवा. तेही दिवसाचा मोठा भाग त्याच भिंतींआड असतात. मात्र कैद्यासमोर त्यांच्याशी फार सलगी नको आणि त्यांच्यासमोर कैद्याची बाजू घेऊन वाद नको.

बसल्यावर सगळ्यात आधी वेळ सांगा: ‘आज आपल्याला अर्धा तास आहे.’ ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘ठीक’ याशिवाय उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा ‘आज सकाळपासून काय काय झालं?’ असं विचारा. गुन्हा विचारायचा नाही, पहिल्या भेटीत नाही आणि दहाव्यातही नाही. त्याने आपण होऊन सांगितलं तर ऐकून घ्या, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नावं ठेवली जात असतील तर मान डोलावू नका. ‘त्या माणसालाही लागलंच असेल’ एवढं शांतपणे म्हणणं पुरेसं आहे. पीडिताकडे निरोप, माफीचं पत्र, भेट, यातलं काहीही तुमच्या हातून जाऊ देऊ नका. माफी मागितली जाणार हे ऐकूनही जुनी जखम उघडी पडते. त्यासाठी वेगळी प्रशिक्षित माणसं असतात, आणि सुरुवात पीडिताच्या इच्छेनेच व्हावी लागते.

गप्प बसायला शिका. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. त्यांनी तोंड उघडल्यावर बिघडलं. दहा-पंधरा सेकंदांची शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल, पण त्याला शब्द सापडायला तेवढा वेळ लागतो.

प्रार्थनेआधी ‘कशासाठी प्रार्थना करू?’ असं विचारा आणि तेवढ्यासाठीच करा, दोन मिनिटांत. डोळे मिटणं किंवा हात धरणं त्याच्यावर सोडा. काहींना त्या जागी डोळे मिटायची भीती वाटते. नको म्हणाला तर मनातल्या मनात करा. आणि हे स्पष्ट असू द्या की तुमचं येणं त्याच्या विश्वासावर अवलंबून नाही. पत्राच्या, कपड्याच्या किंवा शिफारशीच्या बदल्यात उपासनेला बसवलेला माणूस देवाकडे येत नाही, तुमच्या पिशवीकडे येतो.

शेवटची पाच मिनिटं उरली की तसं सांगा. अवघड विषय नेमका तेव्हाच निघतो. ‘हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू’ म्हणा, बाहेर आल्यावर वहीत टिपा, आणि पुढच्या वेळी खरोखर तिथूनच सुरू करा. बाहेर पडल्यावर तासाभरात नोंद लिहून काढा. संध्याकाळपर्यंत अर्धं विसरलेलं असतं.

मागण्या

मागणी लहानच असते. घरी एक फोन कराल का? ही चिठ्ठी टाकाल का? शेजारच्या बराकीतल्या मित्राच्या नावावर थोडे पैसे भराल का? एकदा हो म्हटलं की पुढची मागणी थोडी मोठी येते, आणि तिसऱ्या वेळी ‘मागच्या वेळी तुम्ही नियम मोडलाच होता’ असं ऐकवलं जातं. सगळेच कैदी असे नसतात. पण जो असतो तो सगळ्यात गोड बोलतो.

ही गोष्ट मंडळीला नवी नाही. दुसऱ्या शतकात ल्यूशियन नावाच्या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती लोकांची टिंगल करताना लिहून ठेवलं आहे की त्यांचा एक माणूस तुरुंगात पडला तेव्हा म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुलं पहाटेपासून दारात बसत, आत जेवण जाई, दूरच्या शहरांतून लोक मदत घेऊन येत, आणि एखादा लबाड या भोळ्यांकडून बघता बघता श्रीमंत होतो. त्यातलं लबाडाबद्दलचं म्हणणं खरं धरा आणि नियम करा. विधवांनी दारात बसणं मात्र थांबवू नका.

नियम असा: आत काही न्यायचं नाही, बाहेर काही आणायचं नाही, कुणाच्या नावावर वैयक्तिक पैसे नाहीत. मदत मंडळीच्या निधीतून, अधिकृत खात्यात, सगळ्यांना सारखी. उत्तर नेहमी एकच: ‘हे मी एकटा ठरवत नाही, मंडळीला विचारून पुढच्या वेळी सांगतो.’ या वाक्याने नाही म्हणण्याचा भार तुमच्यावरून उतरतो आणि त्याचा मानही राहतो. चूक झालीच असेल तर त्याच दिवशी वही सांभाळणाऱ्याला आणि तुरुंगाधिकाऱ्यांना सांगा. लपवलेली चूक हाच पुढच्या दबावाचा दोर होतो.

मागणी रास्त असू शकते हेही विसरू नका. पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलं: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. माणसाला थंडी वाजते आणि वाचायला लागतं. चष्मा मोडलाय, दातांची कवळी सैल झालीय, वकिलाचं पत्र कळत नाही, अशा गोष्टींचा अधिकृत मार्गाने नेटाने पाठपुरावा करा. बाहेर एका दिवसात होणाऱ्या कामाला आत महिने लागतात, आणि विचारत राहणारा कुणी असला की ते लवकर हलतं. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीतून काढताना राजवाड्यातल्या एबद-मलेख नावाच्या सेवकाने आधी राजाची परवानगी घेतली, सोबत माणसं घेतली, आणि दोरीने काखा सोलू नयेत म्हणून जुनी लक्तरं खाली सोडून ‘ही दोरीखाली, काखेत घाल’ असं सांगितलं. दया कशी करायची हे त्या लक्तरांत दिसतं.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा

पहिल्याच भेटीत सांगून ठेवा: ‘तुम्ही सांगितलेलं माझ्याजवळ राहील. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणा मुलाला इजा होत असेल किंवा पळून जायचा बेत असेल, तर मला सांगावं लागेल.’ पाळकांपाशी केलेल्या पापकबुलीचे नियम वेगळे असतात, ते सामान्य भेटकर्त्याला लागू नाहीत.

धोक्याचे दिवस ठरलेले असतात: अटकेनंतरचे पहिले काही दिवस, शिक्षा सुनावल्यानंतरचे, अपील फेटाळल्यावर, घरी कुणाचा मृत्यू झाल्यावर, जोडीदाराने नातं तोडल्यावर. वस्तू वाटून टाकणं, निरोपाची भाषा, फार अस्वस्थ माणूस अचानक शांत होणं या खुणा आहेत. शंका आली तर आडवळण नको. ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर ‘हे मी आता साहेबांना सांगणार आहे, तुम्हाला सांगूनच सांगतोय’ म्हणा आणि इमारत सोडण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याला प्रत्यक्ष सांगा. घरी पोहोचून फोन करू म्हणू नका. वहीत वेळ आणि अधिकाऱ्याचं पद लिहून ठेवा.

एकांतकोठडी

दिवसाचे २२ तास किंवा जास्त, अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतकोठडी, आणि सलग १५ दिवसांपुढे ती लांबवणं मंडेला नियमांना मान्य नाही. तिथून आलेला माणूस एकतर थांबेचना असं बोलतो किंवा शब्दच फुटत नाही. आवाज बसलेला असतो, साधा उजेड आणि गलका सोसत नाही, नजर टिकत नाही. अशा वेळी दोघांनी समोर बसू नये. बोलणारा एकच असू द्या. हळू बोला, भेट लहान ठेवा. आजचा वार, तारीख आणि बाहेरचं हवामान सांगा, कारण काळाचा धागा सुटलेला असतो. पुढच्या भेटीपर्यंत करायला एक काम द्या: स्तोत्राच्या चार ओळी पाठ करणं किंवा आठवतील तेवढी गीतं लिहून काढणं. फिलिप्पैच्या आतल्या तुरुंगात पाय खोड्यात अडकलेले पौल आणि सीला मध्यरात्री गात होते, ते त्यांना गीतं तोंडपाठ होती म्हणून.

घरचे लोक

शिक्षा घरालाही होते. मुलांशी खोटं बोलू नका. ‘बाबा परदेशी आहेत’ ही गोष्ट शाळेतल्या कुणाकडून तरी फुटतेच. खरं काय ते सांगण्याचा निर्णय आईचा किंवा सांभाळणाऱ्याचा, मात्र तुम्ही खोट्याला हातभार लावू नका. मुलाच्या वाढदिवसाची तारीख वहीत असावी आणि शक्य असेल तर वडिलांच्या हातचं पत्र त्या दिवशी पोहोचावं. मंडळीत या कुटुंबासाठी नाव घेऊन जाहीर प्रार्थना त्यांना विचारल्याशिवाय करू नका. त्यांच्यासाठी ती बातमी फुटण्याचीच एक तऱ्हा असते.

सुटकेचा दिवस

तयारी तीन महिने आधी सुरू करा. फाटकावर कोण येणार, पहिली रात्र कुठे, ओळखपत्र आहे का, औषधं किती दिवसांची मिळणार, हजेरी कुठे आणि कधी, कोणाच्या जवळ जायला मनाई आहे, हे त्याच्या सोबत बसून एका कागदावर लिहा. ‘कुणीतरी येईल’ याचा अर्थ कुणीच येणार नाही. नाव लिहा, आणि ते नाव अडलं तर दुसरं.

नशेची सवय असलेल्यांसाठी पहिले दोन आठवडे जिवावरचे असतात. आत असताना शरीराची सवय गेलेली असते आणि बाहेर येऊन जुन्या प्रमाणात नशा केली की श्वास थांबतो. हे त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, आणि त्या पंधरवड्यात रोज कुणीतरी त्याला पाहील अशी पाळी लावा.

पहिल्याच रविवारी त्याला पुढे बोलावून साक्ष द्यायला लावू नका. मागच्या बाकावर बसू द्या. मुलांवर किंवा स्त्रियांवर अत्याचार केलेला माणूस असेल तर लेखी करार करा: कोणत्या उपासनेला यायचं, सोबत कोण असेल, इमारतीच्या कोणत्या भागात जायचं नाही. त्याच मंडळीत पीडित व्यक्ती असेल तर याला दुसरी मंडळी शोधून द्या. जागा सोडायची वेळ पीडितावर येता कामा नये. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका मंडळीतून सुरू झालेली पद्धत इथे उपयोगी आहे: चार-पाच जणांचं एक मंडळ एका माणसाभोवती उभं राहतं, त्याला भेटतं, कामात मदत करतं आणि तोंडावर जाबही विचारतं. कोणीही पुन्हा बळी पडू नये आणि कोणीही टाकून देण्याजोगा नाही, ही दोन्ही तत्त्वं तिथे एकत्र सांभाळतात.

भिंतींशिवाय बंदिस्त असलेले

योहानाच्या ५व्या अध्यायातला ३८ वर्षं आजारी असलेला माणूस येशूला आपलं दुखणं सांगत नाही. पाणी हललं की मला कुंडात सोडायला माझं कोणी नाही, असं सांगतो. अंथरुणाला खिळलेले, जोडीदार गेलेले, ऐकू न येणारे, आजारी माणसाची शुश्रूषा करता करता स्वतःच घरात अडकलेले, हे सगळे याच रांगेतले. मंडळीच्या हजेरीपटातून सलग तीन रविवार न दिसलेली नावं काढा. यादी तिथून सुरू होते.

इथे फोन फार उपयोगी, पण वार आणि वेळ ठरलेली हवी. मंगळवारी सकाळी दहा म्हणजे दहा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. एकटा माणूस कधीच सांगत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा: ‘गुरुवारी मी औषधांच्या दुकानात जातोय, तुमची चिठ्ठी घेऊन जाऊ का?’ उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यावं लागलं की मागण्याचा संकोच उरत नाही. ठरलेल्या वेळी फोन उचलला नाही तर काय करायचं हे आधीच त्यांच्याशी ठरवा: अर्ध्या तासाने पुन्हा फोन, मग शेजाऱ्याला, मग कुणीतरी प्रत्यक्ष दारात.

घरी समाचाराला गेलात तर तीस ते चाळीस मिनिटं पुरे. अंगावरचा कोट काढून ठेवा, नाहीतर निघायच्या घाईत असल्यासारखे दिसता. उभं राहून बोलू नका, खुर्ची घेऊन डोळ्यांच्या पातळीला या. ऐकू कमी येत असेल तर उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा. ओरडू नका, सावकाश बोला. खिडकीकडे पाठ करून बसलात तर ओठ दिसत नाहीत आणि अर्धं बोलणं वाया जातं. प्रभुभोजन घेऊन जायचं तर आधी गिळायला त्रास होतो का ते विचारा. भाकरीचा अगदी लहान, भिजवलेला तुकडा लागतो.

आणि त्यांच्याकडून काहीतरी घ्या. प्रार्थनेची यादी त्यांच्याकडे द्या, कैद्याला पत्र लिहायला सांगा. घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजी आणि कोठडीतला तरुण यांच्यात मंडळीच्या पत्त्यावरून चालणारा पत्रव्यवहार दोघांनाही उपकाराच्या ओझ्याखाली ठेवत नाही. तुरुंगसुधारणेसाठी झटलेल्या एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेल्या त्या तान्ह्या मुलांसाठी कपडे घेऊन. चार वर्षांनी तिथल्या स्त्रियांसाठी नियम केले तेव्हा एकेक नियम वाचून त्याच स्त्रियांकडून हात वर करून संमती घेतली. देणारा आणि घेणारा यांच्यातली उंची अशी कमी होते.

थांबायची वेळ येते तेव्हा

वर्ष संपतं, तुमची बदली होते, तब्येत बिघडते. गुपचूप गायब होऊ नका. दोन महिने आधी सांगा, कारण खरं द्या, आणि नव्या माणसाला सोबत नेऊन निदान तीन भेटी एकत्र करा: पहिल्या भेटीत तुम्ही बोला, दुसरीत दोघं, तिसरीत तो. वहीतल्या नोंदी त्याच्याकडे द्या, मात्र विश्वासाने सांगितलेलं, ज्याने सांगितलं त्याला विचारूनच पुढे सांगा. शेवटच्या पत्रात नव्या माणसाचं नाव आणि त्याच्या पहिल्या पत्राची तारीख लिहा, आणि त्या तारखेला ते पत्र खरंच गेलं का हे स्वतः विचारा.